निवांत क्षणांची कविता : खिदिरपूरचे तीन कवी

कोलकात्याच्या मैदानाचा दक्षिण काठ सोडून टॉलीचा नाला ओलांडला की खिदिरपूर लागते. पश्चिमेला हुगळी, तिच्या काठाने गोद्या आणि वखारी, आणि पुढे थोड्या अंतरावर मटियाबुर्ज. राज्य गमावलेल्या वाजिद अली शाहने १८५६ नंतर आपल्या ठुमरीचा आणि कबुतरांचा संसार मांडला तो याच मटियाबुर्जात. खिदिरपुरात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजबांधणी होत असे. कीड या आडनावाच्या इंग्रजांवरून वस्तीला हे नाव पडले, असे काही जण सांगतात. काही जण ते खलाशांचा पाठीराखा मानल्या गेलेल्या ख्वाजा खिज्रशी जोडतात. पाण्यावर जगणाऱ्या वस्तीला दुसरी व्युत्पत्ती अधिक शोभते, एवढे मात्र म्हणता येईल. १८९२ मध्ये येथील मोठी गोदी सुरू झाली. १९०२ मध्ये कलकत्त्यातील पहिली विजेची ट्राम धावली तीही एस्प्लनेडहून खिदिरपूरपर्यंतच. खलाशी, हमाल, दलाल आणि दुकानदार यांच्या या गजबजाटाला बंगाली वाचक मात्र ‘कवितीर्थ’ म्हणतात. रंगलाल बंद्योपाध्याय, मधुसूदन दत्त आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय हे एकोणिसाव्या शतकातील तीन नामवंत कवी या एकाच वस्तीत राहिले, हे त्याचे कारण.

वाङ्मयेतिहासाने या तिघांची सोय एकाच खणात लावून ठेवली आहे. हे वीरकाव्याचे आणि महाकाव्याचे कवी. मनातल्या मनात चालणाऱ्या चिंतनाची, आत्मपर भावकविता बंगालीत आणली ती उत्तर कलकत्त्याच्या बिहारीलाल चक्रवर्तींनी, आणि तिला पूर्णत्व दिले ते रवींद्रनाथांनी, अशी ही मांडणी आहे. ती चूक नाही. पण ती जेवढी सुटसुटीत आहे, तेवढीच अपुरीही आहे. खिदिरपूरच्या कवींनी कीर्तीसाठी जे लिहिले ते मोठ्या आवाजात लिहिले, हे खरे. त्याच वेळी कचेरी, कर्ज, आजार आणि परगाव यांच्या फटीतून जे थोडे निवांत क्षण त्यांच्या वाट्याला आले, त्यांतूनही त्यांनी काही घडवले. त्या लहान रचनांकडे त्यांचे समकालीन वाचक फारसे वळले नाहीत. स्वतः कवींनाही त्यांचे मोल पुरते उमगले होते की नाही, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

रंगलालांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. १८२७ मध्ये जन्मलेल्या या कवीने १८५२ मध्ये बेथून सोसायटीत बंगाली कवितेची बाजू मांडणारा निबंध वाचला. बंगाली भाषेत खरी कविता झालीच नाही, असे म्हणणाऱ्या इंग्रजी शिकलेल्या बंगाल्यांना दिलेले ते उत्तर होते. टॉडच्या राजस्थानच्या इतिहासातून कथा घेऊन त्यांनी १८५८ मध्ये ‘पद्मिनी उपाख्यान’ लिहिले आणि बंगाली कवितेत देशाभिमानाचा सूर प्रथम स्पष्टपणे उमटला. पुढे डेप्युटी मॅजिस्ट्रेट म्हणून त्यांचा बराच काळ ओरिसात गेला. तेथे ते उडिया शिकले, जुन्या ताम्रपटांचा अभ्यास करू लागले, ‘कुमारसंभवा’चे बंगाली रूपांतर करून झाले आणि ओरिसाच्या दंतकथेवरून ‘कांचीकावेरी’ लिहून झाले. नोकरीतला फावला वेळ त्यांनी असा अभ्यासात घातला. त्यांच्या निवांतपणाला विद्वत्तेचे वळण होते. त्यातून स्वतःच्या मनाकडे पाहणारी कविता निघाली नाही, आणि तशी अपेक्षा त्यांच्याकडून करणेही न्यायाचे ठरणार नाही.

मधुसूदनांचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. त्यांचा जन्म २५ जानेवारी १८२४ रोजी जेसोर जिल्ह्यातील सागरदांडी येथे, कपोताक्ष नदीच्या काठी झाला. वडील राजनारायण दत्त सदर दिवाणी अदालतीत वकील होते. वकिलीत जम बसल्यावर त्यांनी खिदिरपुरात घर घेतले आणि मधुसूदन लहानपणीच तेथे राहायला आले. हिंदू कॉलेजातले त्यांचे दिवस या घरातले. मित्र गौरदास बसाक यांना लिहिलेल्या त्या काळातल्या पत्रांवर खिदिरपूरचा पत्ता आहे. या पत्रांतून दिसणारा तरुण खिदिरपुरात राहतो, पण त्याचे मन तेथे नाही. हुगळीवर उभी असलेली जहाजे जेथून येतात, त्या देशाकडे त्याचे डोळे लागलेले आहेत. १८४१ मध्ये त्याने इंग्लंडच्या किनाऱ्यासाठी झुरणारी इंग्रजी कविता लिहिली. पुढच्याच वर्षी आपल्या इंग्रजी कविता ब्रिटनमधील नियतकालिकाकडे धाडताना त्याने त्या वर्ड्‌स्वर्थला अर्पण केल्या. वय वर्षे अठरा. शांतपणे आठवलेल्या भावनेतून कविता जन्मते, असे सांगणाऱ्या कवीला खिदिरपूरच्या एका वकिलाच्या मुलाने कविता वाहाव्यात, यात औद्धत्य आहे आणि कोवळेपणाही आहे. परंतु त्या गुरूकडून जे शिकण्यासारखे होते, म्हणजे दाराबाहेरच्या साध्या गोष्टीजवळ थांबणे, ते शिकायला मधुसूदनांना आणखी बावीस-तेवीस वर्षे लागली.

मधली वर्षे धावपळीची होती. ९ फेब्रुवारी १८४३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि खिदिरपूरचे घर त्यांना तुटले. हिंदू कॉलेजही सोडावे लागले. बिशप्स कॉलेज, मग १८४८ मध्ये मद्रास, तेथे शिक्षकी आणि वृत्तपत्राचा व्यवसाय, १८४९ मध्ये ‘द कॅप्टिव्ह लेडी’ हे इंग्रजी काव्य. ते वाचून बेथून साहेबांनी सल्ला दिला तो स्वतःच्या भाषेत लिहिण्याचा. आई जाह्नवी देवी १८५१ मध्ये वारल्या, वडील १८५५ मध्ये. १८५६ च्या आरंभी मधुसूदन परतले तेव्हा खिदिरपूरच्या घरात आईवडील नव्हते. नातलगांनी मालमत्तेवर हक्क सांगितला होता आणि तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. पोलीस कोर्टात नोकरी करीत, १८५९ ते १८६२ या अवघ्या चार वर्षांत, त्यांनी ‘शर्मिष्ठा’, ‘तिलोत्तमासंभव’, ‘मेघनादवध’, ‘व्रजांगना’ आणि ‘वीरांगना’ लिहून बंगाली कवितेची चाल पालटली. एकाच वेळी अनेक लेखनिकांना वेगवेगळ्या कृतींचा मजकूर ते सांगत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका अतिशयोक्त असेल, पण तिच्यात त्या लेखनाचा वेग बरोबर पकडला गेला आहे. या वेगात थांबून पाहायला सवड नव्हती. १८६० मध्ये त्यांनी मातृभाषेवर एक चौदा ओळींची कविता लिहिली आणि बंगालीत सुनीत होऊ शकते हे दाखवले. पण तिथेच तो प्रयोग राहिला.

१८६२ च्या जूनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ते इंग्लंडला निघाले. बालपणापासून जो किनारा डोळ्यांपुढे होता तो प्रत्यक्षात आला, आणि त्याबरोबरच दारिद्र्य आले. देशातून ठरलेले पैसे येईनात. १८६३ मध्ये खर्च झेपेना म्हणून पत्नी आणि मुलांसह ते फ्रान्समध्ये व्हर्सायला गेले. कर्जापायी तुरुंगात जाण्याची वेळ येते की काय, अशी स्थिती झाली. १८६४ मध्ये त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांना लिहिले आणि विद्यासागरांनी स्वतः कर्ज काढून पैसे पाठवले. ही हकीकत बंगालमध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कवितेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे वर्ष. संकट पुरते टळले नव्हते, पण श्वास घ्यायला जागा झाली होती. नोकरी नव्हती, मैफल नव्हती, नाटक मागणारे धनिक नव्हते. परक्या गावातील लांबलचक दिवस तेवढे होते. १८६५ च्या जानेवारीत त्यांनी गौरदासांना कळवले की आपण पेत्रार्क वाचत आहोत आणि त्याच्या धर्तीवर सुनीते लिहीत आहोत. त्याच वर्षी दांतेच्या सहाशेव्या जन्मोत्सवानिमित्त एक सुनीत लिहून त्यांनी इटलीच्या राजाकडे धाडले. या सुनीतांचा संग्रह ‘चतुर्दशपदी कवितावली’ १८६६ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. सारी मिळून शंभराहून थोडी अधिक सुनीते, प्रत्येकात चौदा ओळी, ओळीत चौदा अक्षरे.

या संग्रहाचे विषय नुसते वाचले तरी कवीच्या मनाची घडण बदललेली दिसते. कपोताक्ष नदी, वडाचे झाड, सायंकाळचा तारा, नदीकाठची बारा शिवमंदिरे, ‘बऊ कथा कओ’ असे ओरडणारा पक्षी, कोजागरीची लक्ष्मीपूजा, श्रीपंचमी, विजयादशमी. त्यांच्या जोडीला कृत्तिवास, काशीराम दास, जयदेव आणि कालिदास. दांते, टेनिसन आणि व्हिक्टर ह्यूगो यांनाही वंदन आहे, पण ते दिवाणखान्यात आलेल्या पाहुण्यांना करावे तसे. घरातली माणसे वेगळी आहेत. ज्या तरुणाने खिदिरपुरात बसून इंग्लंडची आस धरली, तोच आता फ्रान्समध्ये बसून जेसोरच्या एका लहानशा नदीचा आवाज कानात साठवतो. नदी नेहमीच्याच वाटेने वाहते आहे, ऐकणारा मात्र हजारो मैल दूर आहे. विजयादशमीवरच्या सुनीतात मेनका नवमीच्या रात्रीला सरू नकोस अशी विनवणी करते, कारण रात्र सरली की माहेरी आलेली उमा परत जाणार. बंगालमध्ये हा विषय घरोघरच्या गाण्यांतला. पण आईचे अखेरचे दर्शन न घडलेल्या मुलाने तो निवडला, हे माहीत असले की चौदा ओळींचा अर्थ गडद होतो.

खिदिरपूरचे नाव या सुनीतांच्या शीर्षकांत नाही, याचे आश्चर्य वाटते. बालपणानंतरची काही वर्षे तेथे गेली, तरी आठवण आली ती सागरदांडीची. कदाचित त्या घराची आठवण अजून निवलेली नव्हती. ते भांडणाचे, दुराव्याचे आणि खटल्याचे घर होते. मनात गोष्ट स्थिरावल्याखेरीज तिच्यावर निवांतपणे लिहिता येत नाही, आणि मधुसूदनांना पुढे तेवढे आयुष्यच मिळाले नाही. १८६७ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, वकिली चालली नाही, कर्ज वाढत गेले, आणि २९ जून १८७३ रोजी अलीपूरच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. खिदिरपूरहून ते ठिकाण जवळ आहे.

मराठी वाचकाला येथे केशवसुतांची आठवण होणे साहजिक आहे. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ या १८९२ मधील कवितेपासून मराठीत सुनीत सुरू झाले असे मानले जाते. ‘सुनीत’ हे नाव पुढच्या पिढीने रूढ केले आणि रविकिरण मंडळाच्या काळात तो प्रकार हौसेने हाताळला गेला. केशवसुतांनी तो थेट इंग्रजीतून घेतला, बंगालीच्या मार्गाने नव्हे. मधुसूदनांनी पयार या घरगुती छंदाची चौदा अक्षरे तशीच ठेवली, तर मराठी सुनीताने शार्दूलविक्रीडिताचा भारदस्त पोशाख चढवला. या निवडीचे परिणाम दूरचे झाले. बंगालीत चौदा ओळींची कविता पुढे बोलण्याच्या अगदी जवळ जाऊ शकली. मराठीत मात्र तिला बराच काळ वृत्ताची ऐट सांभाळावी लागली आणि दैनंदिन आयुष्यातले हळुवार चिंतन ओवी-अभंगांकडेच राहिले. जात्यावरच्या ओवीला कुणी सुनीत म्हणणार नाही, पण एकटेपणी, रोजच्या कामात, आपल्याशीच बोलण्याचे तिचे काम तेच होते.

हेमचंद्र तिघांत वयाने सर्वांत लहान आणि खिदिरपूरशी सर्वांत घट्ट बांधलेले. हुगळी जिल्ह्यातील गुलिटा या आजोळी १८३८ मध्ये त्यांचा जन्म झाला. आजोबांनी त्यांना शिक्षणासाठी खिदिरपुरात आणले. आजोबांच्या मृत्यूनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा संस्कृत कॉलेजचे प्रसन्नकुमार सर्वाधिकारी यांनी हात दिला. १८५९ मध्ये ते बी. ए. झाले. कारकुनी, शिक्षकी, काही महिने मुन्सफी आणि अखेर हायकोर्टात वकिली अशी पायऱ्यापायऱ्यांनी त्यांची चढण झाली. १८९० मध्ये ते सरकारी वकील झाले. वकिलीत पैसा चांगला मिळाला, आणि तो त्यांनी हात न आखडता खर्चला.

त्यांच्या पहिल्याच काव्याचे नाव ‘चिंतातरंगिणी’, प्रसिद्धी १८६१ ची. म्हणजे ज्या वर्षी ‘मेघनादवधा’ने बंगाली साहित्य हादरले त्याच वर्षी. या काव्यात युद्ध नाही, पुराण नाही. हेमचंद्रांच्या एका बालमित्राने आत्महत्या केली होती, तेवढाच विषय. तेवीस वर्षांचा तरुण मित्राच्या मरणावर विचार करीत राहतो आणि विचारावर विचाराच्या लाटा येत राहतात. काव्य म्हणून ते कच्चे आहे, उपदेश त्यात फार आहे. परंतु शेजारच्या घरातील दुःख हा छापील काव्याचा विषय होऊ शकतो, एवढे त्याने दाखवले, आणि १८६१ मध्ये ही गोष्ट लहान नव्हती. मात्र पुढच्याच वर्षी हेमचंद्र ‘मेघनादवधा’च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना लिहीत होते. महाकाव्याची ओढ तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतली ती कायमची. मधुसूदन गेल्यावर बंकिमचंद्रांनी ‘वंगदर्शना’त लिहिले त्याचा आशय असा, की महाकवीचे आसन रिकामे राहिलेले नाही, हेमचंद्र आहेत. असे कौतुक पचवणे कोणालाही जड जाते. १८७५ ते १८७७ या काळात ‘वृत्रसंहार’ दोन भागांत प्रसिद्ध झाला आणि अनेक वाचकांनी तो ‘मेघनादवधा’च्या तोलाचा मानला. आज तो मान टिकलेला नाही.

टिकण्यासारखे होते ते दुसरीकडे, १८७० च्या ‘कवितावली’त. ‘पद्माचा मृणाल’ ही त्यातली कविता पाहावी. कवी तळ्याकाठी उभा आहे, पाण्यावर कमळाचा देठ लाटेबरोबर खाली जातो, पुन्हा वर येतो. एवढेच दृश्य आहे. त्याकडे पाहता पाहता राष्ट्रांचे उदय आणि अस्त त्याच्या मनात येऊ लागतात. विचार मोठा होतो तशी कविता थोडी सैल होते हे खरे, पण आरंभीचा तो हलणारा देठ विसरता येत नाही. लाजाळूच्या रोपावरची, अशोकाच्या झाडावरची आणि यमुनेच्या काठावरची कविता याच घडणीची. कामावरून परतणाऱ्या माणसाला वाटेत दिसावे आणि रात्री पुन्हा आठवावे, असे त्यांचे रूप आहे.

याच १८७० मध्ये त्यांनी ‘भारतसंगीत’ लिहिले, आणि महाराष्ट्राला त्याचे विशेष वाटावे असे कारण आहे. ते गीत शिवाजीच्या काळातील एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाच्या तोंडी घातलेले आहे. १७४० च्या दशकात मराठा स्वारांनी बंगालमध्ये जी लूट केली, तिची भीती तेथील अंगाईगीतांत अजून टिकून आहे. त्याच प्रांतातील कवीला सव्वाशे वर्षांनी देश जागवणारा आवाज हवा झाला तेव्हा तो मराठी मनुष्याचा सुचला. भूदेव मुखोपाध्यायांच्या ‘एज्युकेशन गॅझेट’मध्ये ते छापले जाताच सरकारची नजर वळली आणि संपादकांकडे विचारणा झाली. साहजिकच गाजले ते हेच गीत. तळ्यातल्या देठाबद्दल कोण विचारणार? सभेत म्हणता येईल अशा कवितेला श्रोते मिळाले, आणि एकट्याने वाचायची कविता पुस्तकात मिटून राहिली. हेमचंद्रांनीही श्रोत्यांचेच ऐकले.

उतारवयात त्यांची दृष्टी गेली. वकिली थांबली, साठवलेले काही नव्हते, आणि एके काळी दुसऱ्यांना देणारा हा माणूस चाहत्यांच्या मदतीवर व सरकारी वृत्तीवर आला. ‘चित्तविकास’ हा संग्रह १८९८ चा, या अंधाऱ्या दिवसांतला. पौराणिक पात्रे आणि शंखनाद आता संपले होते. सूर्य रोज उगवेल, सगळ्यांचे अंगण उजळेल, आपल्याला मात्र दिवस कशाला म्हणतात हे कळणार नाही. घरातल्यांचे चेहरे पुन्हा दिसणार नाहीत, असे तो कवी साध्या शब्दांत सांगतो. ‘चिंतातरंगिणी’त दुसऱ्याच्या दुःखावर तो विचार करीत होता, येथे स्वतःच्या. सदतीस वर्षांच्या वळशानंतर तो आरंभीच्या जागी आला, पण आता उपदेश गळून गेला होता. या कवितांतही सगळे उत्तम आहे असे नाही. विलाप काही ठिकाणी लांबतो, देवाला घातलेली साद रूढ वाटेने जाते. तरीही ‘वृत्रसंहारा’च्या सर्गांमागून सर्ग वाचून जे हाती लागत नाही ते या थोड्या पानांत लागते.

पण १८९८ मध्ये ऐकणाऱ्यांचे कान दुसरीकडे लागले होते. ज्यांनी सोळाव्या वर्षी ‘भारती’ मासिकात ‘मेघनादवधा’वर कडक टीका केली, आणि नंतर त्या टीकेबद्दल स्वतःच खेद व्यक्त केला, त्या रवींद्रनाथांची ‘चैताली’ दोन वर्षांपूर्वीच लिहून झाली होती. पतिसरच्या लहान नदीवर नावेत बसून चैत्राच्या उन्हात पाहिलेली दृश्ये तिच्यात आहेत. माणसे नदी ओलांडून ये-जा करतात, काठावर मुली भांडी घासतात, गुरे पाण्याशी येतात. बहुतेक कविता चौदा ओळींच्या, ओळीही चौदा अक्षरांच्या पयारातल्या. व्हर्सायच्या भाड्याच्या घरात, कर्जाच्या छायेत बसवलेली ती घडण पतिसरच्या नावेपर्यंत पोचली होती. हेमचंद्र २४ मे १९०३ रोजी वारले. त्यांच्या आणि मधुसूदनांच्या नावाचे रस्ते आज खिदिरपुरात आहेत, आणि गोदीकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या गर्दीत त्यांच्या पाट्या वाचायला थोडे थांबावे लागते.